पत्ता नको, नाव पुरे

पुण्याहून निघालेली डेक्कन क्वीन खंडाळ्याच्या घाटात शिरते आणि डब्यातल्या फोनवर चाललेला क्रिकेटचा सामना बोगद्यात क्षणभर गोठतो. गाडी बाहेर येते, चित्र पुन्हा हलू लागते. एवढ्यात फोनने टॉवर बदललेला असतो. कर्जत येईपर्यंत तो आणखी कितीदा तरी बदलेल आणि सामना चालूच राहील. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण इंटरनेट ज्या पायावर उभे आहे तो एकदा नीट पाहिला, तर हे जमते कसे याचेच नवल वाटते. कारण त्या पायात, यंत्र आपली जागा सोडून चालू लागेल, हे मुळी गृहीतच धरलेले नाही.

जमते ते असे. तुमच्या फोनचा इंटरनेटवरचा पत्ता फोनबरोबर फिरत नाही. तो मोबाइल कंपनीच्या एका गेटवेत ठाण मांडून बसलेला असतो. जगाच्या दृष्टीने तुम्ही तिथेच आहात. सामन्याचे प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) आधी त्या गेटवेपाशी येते, तिथे ते दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घातले जाते आणि तुमचा फोन या क्षणी ज्या टॉवरखाली आहे तिकडे रवाना होते. टॉवर बदलला की बाहेरच्या पॅकेटवरचा पत्ता बदलतो, आतला तसाच राहतो. समोरच्या बाकावरचा माणूसही तोच सामना पाहत असेल, तर तोच चेंडू आणि तोच फटका गेटवेपासून त्याच टॉवरपर्यंत दुसऱ्यांदा प्रवास करतो. डब्यात चाळीस जण पाहत असतील तर चाळीस वेळा. जाळ्याला फक्त पत्ते दिसतात; चाळीसही जण एकच गोष्ट मागताहेत हे त्याला कळण्याची सोयच नाही.

यात कुणाचा दोष नाही. १९६९ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला अर्पानेटवरचा पहिला संदेश गेला, तेव्हा दोन्ही टोकांची यंत्रे खोली अडवून बसलेली होती. ती कुठे जाणार होती? तेव्हा गरज होती ती एका दुर्मीळ, महागड्या यंत्रापर्यंत दुरून पोहोचण्याची. १९८१ साली आयपीचा, म्हणजे इंटरनेटवर पॅकेटे पोहोचवण्याच्या नियमांचा, आराखडा पक्का झाला आणि प्रत्येक यंत्राला ३२ बिटांचा पत्ता मिळाला. हा पत्ता एका दमात दोन गोष्टी सांगतो: हे यंत्र कोण आहे, आणि ते जाळ्यात कुठे जोडले आहे. यंत्र जागचे हलत नाही तोवर दोन्ही उत्तरे एकच असली तरी बिघडत नाही. ते उचलून दुसरीकडे नेले की 'कुठे' बदलते आणि त्याच्याबरोबर 'कोण'सुद्धा पुसले जाते.

लॅपटॉप आले तेव्हा ही अडचण उघडी पडली. १९९६ साली चार्ल्स पर्किन्स यांनी संपादित केलेला मोबाइल आयपीचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात यंत्राच्या घरच्या जाळ्यावर एक प्रतिनिधी बसवलेला असतो. यंत्र जिथे जाईल तिथला तात्पुरता पत्ता ते या प्रतिनिधीला कळवत राहते, आणि आलेली पॅकेटे तो पुढे धाडत राहतो. उपाय चोख आहे, पण त्याचा परिणाम विचित्र होतो. घरचे जाळे कॅलिफोर्नियात असलेला लॅपटॉप मुंबईत आला आणि शेजारच्या खोलीतून कुणी त्याला काही पाठवले, तर ते आधी कॅलिफोर्नियाला जाते आणि मग परत येते.

फोनला आणि लॅपटॉपला असली ओझी परवडतात. त्यांच्यात ताकद आहे, रोज रात्री ती चार्ज होतात. पण आता जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या वस्तू निराळ्या आहेत: जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर, गाईच्या गळ्यातला पट्टा, रुग्णाच्या मनगटावरची पट्टी, मालाच्या पेटीत ठेवलेला तापमापक. बटणाएवढ्या बॅटरीवर महिनोन्‌महिने काढायचे, बहुतेक वेळ झोपायचे, अधूनमधून जागे होऊन एक आकडा सांगायचा आणि पुन्हा झोपायचे. अशा उपकरणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका रेडिओ पद्धतीत एका वेळी जेमतेम १२७ बाइट जातात. आयपीच्या नव्या आवृत्तीची किमान अपेक्षा १२८० बाइटांची. मधली दरी बुजवायला वेगळा थर लिहावा लागला. 'आत्ता मी इथे आहे, आता तिथे आहे' असे प्रतिनिधीला कळवत राहणे म्हणजे या जिवाला बोलता बोलताच संपवणे.

या गुंत्याकडे उलट्या बाजूने पाहणारा माणूस साधासुधा नव्हता. १९८६ च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ या अवघ्या चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. गर्दी झाली की प्रत्येक यंत्र पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला. आजही इंटरनेट गर्दीत गुदमरत नाही त्यामागे त्यांची १९८८ सालची मांडणी आहे. ज्याने ही इमारत पडता पडता सावरली, त्यानेच २००६ च्या ऑगस्टमध्ये गूगलमध्ये दिलेल्या व्याख्यानात विचारले की आपण बांधतो आहोत ती इमारत तरी बरोबर आहे का? लोकांना आता यंत्रांशी बोलायचे नसते. त्यांना बातमी हवी असते, चित्रपट हवा असतो, तापमानाचा आकडा हवा असतो. मग जाळ्याने 'कुठून' असे का विचारावे? 'काय' असे का विचारू नये? २००९ साली पालो आल्टोच्या पार्क संशोधन केंद्रातून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराचा पुरता आराखडा मांडला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या लिक्शिया झांग यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या निधीवर 'नेम्ड डेटा नेटवर्किंग' हा प्रकल्प सुरू झाला.

या जाळ्याची चाल आपल्याला अनोळखी नाही. चाळीत रात्री दही लावायचे आहे आणि घरात विरजण नाही, तर आपण शेजारी विचारतो. शेजारच्या काकूंकडे नसले तर त्या पलीकडच्या खोलीत विचारतात, तिथून आणखी पुढे. कुठेतरी सापडते, आणि वाटी आल्या दारांनी परत येते. येताना काकू त्यातले चमचाभर आपल्यासाठी काढून घेतात. थोड्या वेळाने आणखी कुणी विचारत आले तर त्यांना पुढे जावेच लागत नाही. काकूंकडच्या विरजणानेही तसेच दही लागते. आणि शेवटच्या खोलीतल्या बाईंना, हे विरजण कुणी मागितले, हे शेवटपर्यंत कळलेले नसते.

या जाळ्यातला राउटर, म्हणजे पॅकेटे पुढे धाडणारे वाटेवरचे यंत्र, नेमके हेच करतो. त्याच्याकडे मागणीचे पॅकेट येते. त्यावर हव्या असलेल्या गोष्टीचे नाव असते. कुणी मागितले हे त्यावर लिहिलेलेच नसते, आणि माझ्या मते सगळ्या योजनेतले सगळ्यात धाडसी पाऊल हेच. पाठवणाऱ्याचा पत्ता पॅकेटवर नाही, मग उत्तर परत येणार कसे? राउटर आधी आपल्या साठ्यात पाहतो. त्या नावाची माहिती तिथे असेल तर देऊन मोकळा होतो. नसेल तर दुसऱ्या यादीत नोंद करतो: हे नाव अमुक बाजूने मागितले गेले आहे. तेच नाव आधीच कुणी मागितलेले असेल, तर त्याच नोंदीत नवी बाजू जोडतो आणि पुढे काहीच पाठवत नाही. डब्यातल्या चाळीस जणांची मागणी इथे एक होते. तिसऱ्या यादीत कोणत्या नावाची माहिती साधारण कुठल्या दिशेला मिळते हे लिहिलेले असते. त्या दिशेने मागणी पुढे सरकते. माहिती सापडली की ती प्रत्येक राउटरने ठेवलेली नोंद मागे मागे वाचत मागणाऱ्यापाशी पोहोचते आणि नोंदी पुसल्या जातात. उत्तर आलेच नाही तर ठरलेल्या वेळाने, एरवी चार सेकंदांनी, नोंद आपोआप गळून पडते.

आता मागणारा चालू लागला तर काय होते पाहा.

फोनने एका टॉवरखालून मागणी केली आणि उत्तर येण्याआधी तो दुसऱ्या टॉवरखाली गेला. उत्तर जुन्या वाटेने येते आणि जुन्या टॉवरपाशी कुणी नाही म्हणून तिथेच थांबते. फोन नव्या टॉवरखालून तेच नाव पुन्हा मागतो, बस्स. ही दुसरी मागणी मूळ ठिकाणापर्यंत जातच नाही. जुनी वाट आणि नवी वाट जिथे फुटतात, त्या राउटरवरून ती माहिती नुकतीच गेलेली असते. तिथल्या साठ्यात तिची प्रत पडलेली असते. म्हणजे हरवलेले उत्तर नेमके नव्या जागेच्या जवळ येऊन थांबलेले सापडते. कुणाला पत्ता कळवायचा नाही, प्रतिनिधी नाही, पॅकेटच्या पोटात पॅकेट नाही. ज्या प्रश्नासाठी इतकी वर्षे इतके आराखडे लिहिले गेले, तो मागणाऱ्याच्या बाजूने पुष्कळसा नाहीसाच होतो. पहिल्यांदा हे समजते तेव्हा काहीतरी वाचायचे राहून गेले असे वाटून माणूस मागचे पान पुन्हा उलटून पाहतो.

यात फसवणूक होऊ नये म्हणून माहितीच्या प्रत्येक पॅकेटवर ती निर्माण करणाऱ्याची डिजिटल सही असते. प्रत कुणाच्या हातून आली याने फरक पडत नाही. सही जुळली की माहिती खरी. तापमान बदलते, पण सकाळी दहा वाजताचे तापमान बदलत नाही; वेळ नावातच घातली की प्रत शिळी होण्याचा प्रश्नही सुटतो.

हे प्रत्यक्ष चिमुकल्या उपकरणांवर चालते का, हे बर्लिनमध्ये पाहिले गेले. तिथल्या फ्री विद्यापीठात एका इमारतीच्या अनेक मजल्यांवर, वेगवेगळ्या खोल्यांमध्ये बसवलेल्या उपकरणांवर एमान्युएल बाचेल्ली व सहकाऱ्यांनी प्रयोग केला आणि २०१४ साली त्याचे निष्कर्ष मांडले. उपकरणांची स्मृती शंभर किलोबाइटच्याही आत; आजच्या फोनमधला एक साधा फोटो त्यात मावणार नाही. त्यावर 'रायट' ही छोटी कार्यप्रणाली आणि नावांवर चालणारे जाळे बसवले. आयपीच्या नेहमीच्या सरंजामापेक्षा ते कितीतरी कमी जागेत बसले. मला या जाळ्यातली सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट झोपेची आहे. बॅटरी वाचवायला उपकरण झोपले की ते जाळ्यातून उठून गेल्यासारखेच असते. आयपीत ते झोपले की त्याचा आकडाही झोपला. इथे त्याने जागेपणी सांगितलेला आकडा वाटेतल्या शेजाऱ्यांकडे राहिलेला असतो. विचारले तर मिळतो. जागा बदलणे आणि झोपी जाणे ही जाळ्याच्या दृष्टीने एकाच अडचणीची दोन रूपे आहेत, आणि एकच साठा दोन्हींवर चालतो.

कठीण भाग पुढेच आहे. मागणारा हलला तर प्रश्न नाही. पण ज्याच्याकडे माहिती आहे तोच हलला तर?

समजा, कोल्हापूरहून मुंबईला निघालेल्या दुधाच्या टँकरमध्ये तापमान मोजणारा सेन्सर आहे. दूध चार अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. त्याच्या आकड्यांची नावे 'डेअरी/टँकर-७/तापमान' अशी सुरू होतात, पुढे वेळ. 'डेअरी' म्हटले की कोल्हापूरकडे वळा, असे राउटरांना माहीत आहे. टँकर मात्र आता खंबाटकी घाट चढतो आहे. मुंबईहून निघालेली मागणी इमानदारीने कोल्हापूरला पोहोचते आणि तिथे टँकर नसतो.

एक सरळ वाट अशी की टँकरने आपले आकडे जमेल तेव्हा डेअरीतल्या एका स्थिर साठ्याकडे सोपवावेत. माहिती तिच्या मालकाला चिकटलेली नाही, सही तिच्या अंगावरच आहे, तेव्हा ती तिथून मिळाली तरी तितकीच खरी. दुधासाठी मी हाच उपाय निवडेन. टँकरशी थेट बोलण्याची गरजच नाही. पण रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या हृदयाचा आलेख मागच्या सेकंदाचाच हवा असतो. तिथे खुद्द हलणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचावे लागते.

२०१४ साली यू झांग, होंगली झांग आणि लिक्शिया झांग यांनी सुचवलेल्या 'काइट' या योजनेत जाळ्याची मूळ सवयच कामाला लावली आहे. हलणारे यंत्र वेळोवेळी एका ठरलेल्या स्थिर ठिकाणाकडे एक मागणी धाडते. त्याला काही मिळवायचे नसते. पण मागणी जिथून जाते तिथला प्रत्येक राउटर नेहमीप्रमाणे 'या बाजूने आली' अशी नोंद करतो, आणि या नोंदींची रांग म्हणजेच यंत्रापर्यंतचा माग. आता दुसऱ्या कुणाची मागणी त्या स्थिर ठिकाणाकडे निघाली आणि वाटेत तिला हा माग लागला, की ती तिथूनच वळते आणि मागावरून थेट यंत्रापाशी जाते. सातारच्या माणसाची विचारणा खंबाटकीतल्या टँकरकडे जाताना कोल्हापूर गाठेलच असे नाही. टँकर पुढे गेला की जुना माग पुसायला कुणाला जावे लागत नाही; नोंदींची मुदत संपते आणि तो आपोआप विरतो.

स्थिर ठिकाणच नको, असेही काहींना वाटले. जोव्हाना कारोफिल्यो, लुका मुस्कारिएल्लो आणि सहकाऱ्यांच्या 'मॅप-मी' या योजनेत यंत्र नव्या जागी पोहोचले की ते स्वतःच्याच नावाने एक मागणी सोडते. जाळे तिला जुन्या जागेकडे नेते, कारण त्याला तेवढेच माहीत असते. पण ज्या राउटरवरून ती जाते तो आपल्या यादीतली दिशा उलटवतो: या नावासाठी आता जिथून ही मागणी आली तिकडे पाठवायचे. जुन्या जागेपर्यंत पोहोचेस्तोवर वाटेतली प्रत्येक दिशा उलटी फिरलेली असते. यंत्र भराभर हलले आणि दोन मागण्या मागेपुढे झाल्या तर गोंधळ नको म्हणून प्रत्येकीवर वाढता क्रमांक असतो. मोठ्या क्रमांकापुढे लहान हरतो. ज्या चुकीच्या माहितीमुळे उत्तर हरवले असते, तीच माहिती इथे दुरुस्तीची वाट दाखवते.

आणि कधी कधी हलणाऱ्या यंत्राचा पाठलाग करण्याची गरजच नसते. लिक्शिया झांग यांच्या गटाबरोबर जूलियो ग्रासी, जोव्हानी पाऊ आणि इतरांनी गाड्यांवर हे जाळे चालवून पाहिले. गाडीला विचारायचे तरी काय असते? बहुतेक वेळा, अमुक रस्त्यावर अमुक ठिकाणी वाहतूक कशी आहे. मग गाडीचे नाव कशाला हवे? नाव द्यायचे रस्त्याला आणि वेळेला. मागणी त्या जागेच्या दिशेने जाते आणि त्या क्षणी तिथे असलेली कुठलीही गाडी उत्तर देते. पहिली निघून गेली तर दुसरी आहेच. हलणाऱ्यांच्या गर्दीतून एक न हलणारी गोष्ट उचलून तिला नाव दिले, की हालचालीचा प्रश्न दुसऱ्या टोकानेही विरघळतो. शिवाय या गाड्या हवेतून कानावर पडलेली माहिती, ती आपण मागितली नसली तरी, जपून ठेवतात. दोन वस्त्यांमध्ये टॉवरच नसला तरी गाडी ती चाकांवरून पलीकडे नेते.

सजीवांच्या पाठीवर माहिती वाहण्याची कल्पना याआधीच केनियात उतरली होती. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मार्गारेट मार्टोनोसी आणि सहकाऱ्यांनी झेब्र्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे आपापल्या नोंदींची देवाणघेवाण करत. संशोधकांना प्रत्येक झेब्रा गाठावा लागत नसे. जे सापडतील त्यांच्याकडे न सापडलेल्यांचीही कहाणी असे. तिथे नावांचे जाळे नव्हते, पण माहिती मालकापासून सुटी झाली की ती कुठवर चालत जाऊ शकते ते त्या माळावर दिसले.

प्रयोगशाळेबाहेर हे सगळे अजून थोडेच आले आहे. नावांवर चालणाऱ्या एका जाळ्याचे नियम जुलै २०१९ मध्ये आणि त्याला छोट्या रेडिओंवर बसवण्याची रीत नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींवर शिक्का 'प्रायोगिक' असाच आहे. रोजच्या इंटरनेटवर आयपीची मांड पक्की आहे, आणि ती हलेल असे मी म्हणणार नाही.

आत्ता अभ्यासकांना छळणारा एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. दिशा उलटवण्याची शक्ती यंत्राच्या हाती दिली, की कुणीही सोम्यागोम्या 'मीच टँकर-७, आता इथे आहे' असे म्हणू शकतो. खोटा आकडा त्याला देता येणार नाही, कारण सही नाही. पण सगळ्या मागण्या आपल्याकडे ओढून गिळून टाकता येतील. प्रत्येक हालचालीची सही प्रत्येक राउटरने तपासायची म्हटले तर ते जड जाते, आणि नाण्याएवढ्या सेन्सरला दर वेळी सही करणे त्याहून जड. २०१७ साली मॅप-मीच्याच कर्त्यांपैकी काहींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साखळीचा उपाय मांडला. एका गुप्त संख्येवर हॅश नावाची क्रिया करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच, त्यावर पुन्हा तीच. ही क्रिया पुढे जायला सोपी आणि मागे यायला जवळजवळ अशक्य. साखळीची शेवटची कडी सुरुवातीलाच राउटरांना खात्रीपूर्वक दिली जाते. यंत्र पहिल्यांदा हलले की त्याच्या आधीची कडी उघड करते, पुढच्या वेळी त्याहून आधीची. राउटर एकदा हॅश करतो. उत्तर त्याच्याकडच्या कडीशी जुळले तर हे यंत्र खरे, आणि नवी कडी तो लक्षात ठेवतो. पुढची कडी फक्त त्या यंत्रालाच ठाऊक. एका हालचालीमागे एक छोटेसे गणित, जे शंभर किलोबाइटच्या आतल्या जिवालाही झेपते. फिरत्या वस्तू कोट्यवधी झाल्या तर त्यांतल्या प्रत्येकीची कडी कुठल्या राउटरने आणि किती काळ लक्षात ठेवायची, हे ठरवायचे काम अजून बाकी आहे.